अडुळसा : पानाचा गुण आणि पुराव्याचे माप

देवळाली कॅम्पची कोरडी हवा आणि छातीचे विकार यांचा संबंध फार जुना आहे. ब्रिटिश अमदानीत येथे लष्कराची छावणी वसली. पुढे रेल्वेच्या सोयीमुळे मुंबईच्या दमट हवेला कंटाळलेली गुजराती, पारशी, सिंधी आणि जैन व्यापारी कुटुंबे हवापालटासाठी येथे येऊ लागली. लॅम रोडच्या परिसरात बंगले, धर्मशाळा आणि सॅनिटोरियम उभी राहिली. दम्याचा वा जुनाट खोकल्याचा रुग्ण महिना-दोन महिने देवळालीत राहून येतो, हे वाक्य मुंबईतील कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत असे. हवा, विश्रांती, दूधतूप आणि पिकल्या पानांचा अडुळशाचा रस, एवढेच त्या काळी अनेकांच्या उपचाराचे स्वरूप होते.

त्या काळी दुसरे काही हातीही नव्हते. क्षयरोगावर परिणामकारक ठरलेले पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडले आणि सामान्य रुग्णापर्यंत पोहोचण्यास त्याला आणखी काही वर्षे लागली. तोपर्यंत चांगली हवा हाच आधार होता. पुढे मद्रास येथील क्षयरोग केमोथेरपी केंद्राने एक महत्त्वाचा अभ्यास केला. रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एकाला सॅनिटोरियममध्ये ठेवून औषधे दिली, दुसऱ्याला शहरातील स्वतःच्या दाटीवाटीच्या घरातच तीच औषधे दिली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले. रोग हटवला होता तो औषधांनी. हवा आणि विश्रांती यांचे काम साहाय्याचे होते. त्यानंतर जगभर क्षयरोगाची सॅनिटोरियम हळूहळू ओस पडली.

योगायोग असा की, त्याच १९५९ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात अमीन आणि मेहता या संशोधकांचा अडुळशावरील एक लघुलेख प्रसिद्ध झाला. श्वासनलिका सैल करणारे 'व्हॅसिसिनोन' नावाचे द्रव्य अडुळशाच्या पानांत असल्याचे त्यांनी दाखवले. परंपरेने चालत आलेल्या दोन उपायांची परीक्षा अशी एकाच वर्षी झाली. हवेचे महत्त्व कमी ठरले, तर पानात तथ्य असल्याचे दिसले. परंतु हे तथ्य किती आणि कोठवर, हा प्रश्न आजही प्रत्येक घराने विचारावा असाच आहे.

वनस्पतीची ओळख

अडुळसा हे सदाहरित झुडूप साधारण पुरुषभर उंचीपर्यंत वाढते. पाने लांबट, टोकदार आणि चवीला अतिशय कडू असतात. फुले पांढरी असून त्यांवर जांभळट रेषा असतात. फुलाचा आकार उघडलेल्या जबड्यासारखा दिसतो, म्हणून संस्कृतात याला 'सिंहास्य' असेही म्हटले आहे. वासा, वासक, वृष आणि आटरूषक ही त्याची इतर नावे होत. लिनियसने त्याला दिलेले शास्त्रीय नाव 'जस्टिसिया अधाटोडा' असे असून त्यातील 'अधाटोडा' हा शब्द तमिळमधून आलेला आहे. 'शेळी ज्याला तोंड लावत नाही ते' असा त्याचा अर्थ. गुरेही या पानांकडे फिरकत नाहीत. म्हणूनच महाराष्ट्रात शेताच्या व वाडीच्या कुंपणाला अडुळसा लावण्याची रीत पडली.

आयुर्वेदात वासा ही कास, श्वास आणि रक्तपित्त यांवरील प्रमुख वनस्पतींपैकी एक मानली जाते. वासा हाताशी असताना अशा रुग्णाने धीर सोडू नये, या आशयाची एक जुनी उक्ती वैद्यवर्गात प्रसिद्ध आहे. तिच्यात क्षयाचाही उल्लेख येतो, आणि घोटाळ्याला सुरुवात होते ती येथेच. कोणतेही औषध नसण्याच्या काळात दिलेला धीर आणि आजच्या अर्थाने रोग बरा करण्याची हमी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पानापासून गोळीपर्यंत

मुंबई सरकारच्या औषधभांडाराचे प्रमुख राहिलेले विल्यम डायमॉक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम भारतातील औषधी वनस्पतींची बारकाईने नोंद केली. त्यांचे सहकारी डेव्हिड हूपर यांनी १८८८ साली अडुळशाच्या पानांतून 'व्हॅसिसीन' हे अल्कलॉइड वेगळे केले. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीतील नत्रयुक्त, बहुधा कडू आणि शरीरावर ठळक परिणाम करणारे द्रव्य. चहातील कॅफीन आणि सिंकोनातील क्विनीन ही त्याच जातीची. १९२० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या द्रव्याचा प्राण्यांवरील परिणाम तपासला.

यापुढील टप्पा जर्मनीत घडला. व्हॅसिसीनच्या रचनेचा आधार घेऊन तेथील रसायनतज्ज्ञांनी 'ब्रोमहेक्झिन' हे नवे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले आणि १९६३ साली ते औषध म्हणून बाजारात आले. ब्रोमहेक्झिन शरीरात गेल्यावर त्याचे जे रूपांतर होते त्यातील एक द्रव्य म्हणजे 'अँब्रोक्सॉल'. तेही पुढे १९७९ पासून स्वतंत्र औषध म्हणून विकले जाऊ लागले. आज औषधांच्या दुकानात कफ पातळ करणारे म्हणून जे सिरप मिळतात, त्यांपैकी अनेकांच्या वेष्टनावर ही दोन नावे आढळतील. छातीत चिकटून बसलेला कफ पातळ करून तो खोकल्यावाटे बाहेर पडण्यास मदत करणे, हे त्यांचे काम. आजीच्या काढ्याला नाक मुरडून नातू ज्या 'इंग्रजी' औषधाची बाटली आणतो, त्या औषधाचे मूळ कित्येकदा त्याच कुंपणातील पानापर्यंत जाते.

तथापि या वंशावळीवरून एक चुकीचा निष्कर्ष काढला जातो. गोळी गुणकारी असेल तर पानही तितकेच गुणकारी असले पाहिजे, असा तो निष्कर्ष. ब्रोमहेक्झिन हे पानात नसते. ते पानातील द्रव्यावरून बेतलेले वेगळे रसायन आहे. गोळीत त्याचे प्रमाण ठरलेले असते. पानातील अल्कलॉइडचे प्रमाण मात्र झाडाच्या वयानुसार, ऋतूनुसार आणि वाळवण्याच्या पद्धतीनुसार बदलते. म्हणून गोळीचे प्रशस्तिपत्र जसेच्या तसे काढ्याला लावता येत नाही.

पुराव्याच्या तीन पायऱ्या

सोने घेताना सराफ आधी रंग पाहतो, मग कसोटीवर घासतो आणि शेवटी वजन करतो. एकट्या रंगावर कोणी सौदा करीत नाही. औषधाच्या पुराव्याच्याही अशाच पायऱ्या आहेत.

पहिली पायरी परीक्षानळीची. १९९६ साली ग्रेंज आणि स्नेल या संशोधकांनी ब्रोमहेक्झिन व अँब्रोक्सॉल यांमुळे परीक्षानळीत क्षयाच्या जंतूंची वाढ रोखली जाते असे दाखवले. जुन्या वैद्यांचा अनुभव अगदीच निराधार नसावा, असे त्यावरून वाटते. पण परीक्षानळीतील जंतू आणि माणसाच्या फुप्फुसात दडून बसलेला जंतू यांत मोठे अंतर आहे. अडुळशाने माणसाचा क्षयरोग बरा होतो, हे आजवर सिद्ध झालेले नाही.

दुसरी पायरी प्राण्यांवरील प्रयोगांची. श्वासनलिका सैल होणे, खोकल्याची उबळ कमी होणे, सूज उतरणे असे परिणाम अनेक प्रयोगांत दिसले आहेत. दिल्लीच्या जीनोमिक्स व समवेत जीवविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अडुळशाच्या अर्काने उंदरांच्या फुप्फुसांतील दाह आणि प्राणवायूच्या कमतरतेचे दुष्परिणाम कमी झाल्याचे आढळले. हे काम मोलाचे आहे, मात्र ते उंदरांवरचे आहे.

तिसरी आणि निर्णायक पायरी माणसांवरील तुलनात्मक चाचणीची. येथे अडुळशाचे पारडे अद्याप हलके आहे. आर्मेनियात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सर्दी-खोकल्याच्या रुग्णांपैकी काहींना अडुळसा, एकिनेशिया आणि सायबेरियन जिनसेंग यांच्या अर्कांचे मिश्रण, काहींना ब्रोमहेक्झिन आणि काहींना निव्वळ बिनऔषधी द्रव देण्यात आला. कोणाला काय मिळाले हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नव्हते. बिनऔषधी द्रवापेक्षा वनस्पतींच्या मिश्रणाने खोकला अधिक लवकर कमी झाला. पण मिश्रण तीन वनस्पतींचे असल्याने श्रेय एकट्या अडुळशाला देता येत नाही. केवळ अडुळशावर मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन केलेल्या नेमक्या चाचण्या फारच थोड्या आहेत.

या साऱ्याचा हिशेब असा मांडता येईल : साध्या खोकल्यात कफ सुटण्यास आणि आराम पडण्यास अडुळसा उपयोगी असण्याची शक्यता चांगली आहे. परंपरेचा अनुभव आणि प्रयोगशाळेतील निरीक्षणे एकाच दिशेला बोट दाखवतात. न्यूमोनिया, क्षय, दम्याचा तीव्र झटका यांवर मात्र तो उपचार नव्हे.

गर्भवतीने दूर राहावे

घरचे औषध म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत अडुळशाच्या बाबतीत विशेष धोक्याची आहे. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० ते १९८० च्या सुमारास व्हॅसिसीनवर विस्तृत काम केले. हे द्रव्य गर्भाशयाचे आकुंचन घडवते आणि गर्भपातासही कारण होऊ शकते, असे त्यांना आढळले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आटोक्यात आणण्यासाठी त्याचा उपयोग होईल का, या दृष्टीनेही त्याचा अभ्यास झाला. पानातील द्रव्य खरोखर प्रभावी आहे, याचाच हा पुरावा. जे प्रभावी असते ते चुकीच्या जागी अपायही करते.

म्हणून गर्भवती सुनेला वा लेकीला खोकला झाला तर काढा, अवलेह किंवा 'आयुर्वेदिक' म्हणून मिळणारे सिरप देण्यापूर्वी घटकद्रव्यांत वासा, वासक, अडुळसा यांपैकी नाव आहे का, हे पाहिलेच पाहिजे. असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते देऊ नये. सासूबाईंनी प्रेमाने पुढे केलेला पेला नाकारणे सुनेला अवघड जाते. तेव्हा ही गोष्ट घरातील ज्येष्ठांनीच आधी समजून घेणे इष्ट.

जैन घरातील अडुळसा

अडुळशाचे पान वापरले जाते, हे जैन कुटुंबांच्या दृष्टीने सोयीचे आहे. अनेक औषधी वनस्पतींचे मूळ वा कंद लागतो आणि त्यासाठी संपूर्ण झाड उपटावे लागते. येथे मोजकी पाने खुडली तरी झुडूप जिवंत राहते आणि पुन्हा फुटते. तरीही पानात जीव आहेच, तेव्हा गरजेपुरतीच पाने जयणेने घ्यावीत. पर्वतिथीला हिरवी वनस्पती वर्ज्य करणाऱ्या घरांत सावलीत वाळवलेली पाने बरणीत भरून ठेवता येतात. वाळलेल्या पानांचाही काढा होतो.

खरी अडचण येते ती जोडीच्या पदार्थांत. अडुळशाचा रस परंपरेने मधाबरोबर दिला जातो आणि वासावलेहातही मध असतो. जैन आचारात मध वर्ज्य आहे. मध हे येथे अनुपान आहे. व्हॅसिसीन आणि व्हॅसिसिनोन ही द्रव्ये पानातली आहेत, मधातली नाहीत. खडीसाखर, तूप आणि चिमूटभर पिंपळीचे चूर्ण यांच्याबरोबर काढा घेतल्यास कडूपणा कमी होतो. मधुमेह असणाऱ्यांनी अर्थातच साखर टाळावी. ओल्या आल्याऐवजी अनेक जैन घरांत सुंठ वापरली जाते, तीही येथे चालते. वासकासवासारखी आसवे आंबवून तयार होतात आणि त्यांत स्वयंनिर्मित मद्यार्क असतो. मद्यत्यागाचे व्रत असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तयार बाटलीवर घटकद्रव्यांमध्ये 'मधु' असा शब्द लिहिलेला असतो, तोही मधच होय.

खोकल्याची उबळ बहुधा रात्री येते आणि चौविहार करणाऱ्यांस तेव्हा काही घेता येत नाही. त्यांनी सूर्यास्तापूर्वीच कोमट काढा घ्यावा आणि झोपताना उशी थोडी उंच ठेवावी. मात्र श्वास घेताना धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा लहान मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर सकाळची वाट पाहू नये. प्राणावर बेतले असता औषधाला आगार असतो, हे गुरुमहाराजही सांगतात.

मात्रा आणि पद्धत

भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात प्रौढ व्यक्तीसाठी वासापत्राच्या ताज्या रसाची मात्रा १० ते २० मिलिलिटर आणि काढ्यासाठी वाळलेल्या पानांची मात्रा १० ते २० ग्रॅम अशी दिली आहे. अडुळशाचे पान चिवट असल्याने नुसते कुटून रस थोडाच निघतो. म्हणून पाने वाफवून किंवा तव्यावर गरम करून मग कुटतात. पुटपाकाच्या शास्त्रोक्त पद्धतीत पानांचा गोळा इतर पानांत गुंडाळून, वर मातीचा लेप देऊन भाजला जातो. घरी मात्रा नेहमी खालच्या मर्यादेत ठेवावी. अधिक घेतल्यास मळमळ, उलटी वा जुलाब होऊ शकतात. लहान मुलांना वैद्याच्या वा डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज देऊ नये. रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकाराची औषधे चालू असणाऱ्यांनीही आधी विचारावे.

बाजारातून वाळलेली पाने घेताना व्यापाऱ्याची नजर उपयोगी पडते. अडुळशाच्या पानांत महारुखाची पाने मिसळली जातात, अशी नोंद औषधी वनस्पतींच्या ग्रंथांत आहे. कुंपणावरचे ओळखीचे झाड असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. पावसाळ्याच्या आरंभी जून फांदीचे वीतभर तुकडे लावले असता ते सहज रुजतात. देवळालीसारख्या हवेत त्यास विशेष निगराणी लागत नाही.

बाटलीवरील अक्षरे

सिरपच्या बाबतीत पानापेक्षा पातळ द्रवाचीच चिंता अधिक असते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विषारी रसायन होते. तेच विष २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपमधून अनेक बालकांच्या मृत्यूस कारण झाले. ती औषधे अडुळशाची नव्हती. पण गोड द्रवाच्या प्रत्येक बाटलीला हा धडा लागू आहे. निर्मात्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत स्पष्ट छापलेली नसेल, तर बाटली घरात आणू नये. दुकानदाराने पक्के बिल द्यावे आणि ग्राहकाने ते मागून घ्यावे. उधारी-उसनवारीत सचोटी पाळणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

दोन आठवड्यांची मर्यादा

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, खोकला हे लक्षण आहे, रोग नव्हे. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमानुसार दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ टिकणाऱ्या खोकल्यात थुंकीची तपासणी झालीच पाहिजे. थुंकीतून रक्त पडणे, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम सुटणे, वजन घटणे ही लक्षणे असतील तर एवढेही थांबू नये. ही तपासणी आणि त्यानंतरची औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. रुग्णाच्या पोषणासाठी दरमहा मिळणारी ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये करण्यात आली आहे. नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो आणि तो पूर्ण केल्यास बहुसंख्य रुग्ण बरे होतात.

तरीही सुखवस्तू घरांत हा रोग लपवला जातो. मुलीचे लग्न ठरायचे आहे, दुकानात गिऱ्हाईक काय म्हणेल, बिरादरीत चर्चा होईल, अशा धास्तीने तपासणी लांबणीवर पडते आणि घरात काढ्याचे पातेले उकळत राहते. काढ्याने उबळ थोडी शमते, त्यामुळे रोग हटल्याचा भास होतो आणि आणखी एक महिना निघून जातो. या काळात जंतू रुग्णाच्या फुप्फुसात पसरतातच. शिवाय एकाच खोलीत झोपणाऱ्या नातवंडांपर्यंतही ते पोहोचतात. गुणकारी पानाचा याहून वाईट उपयोग दुसरा नाही. कुटुंबाच्या अब्रूची काळजी असणाऱ्याने उलट लवकर तपासून घ्यावे. योग्य औषधे सुरू झाल्यावर संसर्गाची शक्यता लवकरच पुष्कळ कमी होते. लग्न, दुकान आणि शिक्षण पुढे नेहमीसारखे चालू शकते.

देवळालीची हवा आजही सुखद आहे. हवापालटासाठी कुटुंबे येतात, मंदिरात दर्शन घेतात, ताजीतवानी होऊन परततात. क्षयरोग बरा करण्याची जबाबदारी आज कोणी त्या हवेवर टाकत नाही, आणि म्हणून तिचा आनंद काही कमी होत नाही. अडुळशालाही हाच न्याय लावावा. ऋतू बदलताना आलेल्या साध्या खोकल्यात तो चार-सहा दिवस अवश्य घ्यावा. पंधराव्या दिवशीही खोकला तसाच असेल, तर पातेले खाली उतरवून रुग्णाला तपासणीस न्यावे.